दाढ आणि बुरकुंड

१९६३ सालच्या माघात गुऱ्हाळ पेटलं. हैबती गुळव्या प्रत्येक काहिलीचा गूळ दाढेखाली धरून पारखायचा. दाढेतली कीड तो गूळ खायची, आंबट थुंकायची आणि त्या थुंकीनं दाढ पोखरायची.

कीड म्हणाली, “दाढबाई, तुझा धनी दानशूर. पण शनिवारच्या बाजारात तुला उपटणार म्हणे.”

चुलवाणापाशी जळणात दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड पडलं होतं. ते दाढेला म्हणालं, “मागल्या साली तू एक दाणा न चावता सोडलास. तो रुजला, त्याचंच मी कणीस. माझ्याही अंगात साखर आहे. जरा ठणक, म्हणजे दुखऱ्या दाढेखाली धरायला गुळव्या मला उचलेल आणि चघळेल.”

दाढ ठणकली. हैबती बुरकुंड चघळू लागला. किडीनं ती साखर ओरपली. गोड लागली, पण पचेना. आंबट थुंकी सुटेना. शनिवारपर्यंत कीड मरगळली. भोक होतं तेवढंच राहिलं, ठणका थांबला, म्हणून दाढ जागेवर राहिली.

एका दाण्याचं ऋण फिटलं.