खैरघाटाचा हॉल्ट

खैरघाटाच्या माथ्यावर एक चपटी काळी शिळा आहे, तिला ‘हॉल्ट’ म्हणतात. पाहुणे हमखास विचारतात, इथं पूर्वी रेल्वे होती का? रेल्वे राहू द्या, इथं अजून धड रस्ता टिकत नाही. शब्द साहेबाचा खरा, पण तो आमचा झाला तो गोमाजी भोयामुळे.

असे सांगतात, की बंडाच्या साली गोमाजीची तान्ही नावाची लेक खालच्या वाडीत बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना, आणि जाणती सुईण घाटावर. गोमाजीने बांबूला घोंगडी बांधून डोली केली. पुढे तो आणि त्याचा भाऊ, मागे दोघे पुतणे, असे चौघे चढाला लागले. भोयांचा एक नेम होता. अडलेली बाई उचलली की माथ्यावरच्या शिळेआधी डोली टेकवायची नाही. टेकवली तर पोटातला जीव मातीला जातो, अशी त्यांची पक्की समजूत.

अर्ध्या चढावर मागून आरोळी आली, “हॉल्ट!” बंडकऱ्यांच्या मागावर निघालेल्या गोऱ्या पलटणीला वाटले, हे घोंगडीत जखमी बंडकरी दडवून नेताहेत. गोमाजीने साहेबांच्या पालख्या वाहिलेल्या, त्याला शब्द चांगला कळत होता. तरी त्याने पाऊल थांबवले नाही.

“बाबा, खाली नगा ठिवू,” आतून तान्ही कळवळली.

“न्हाई ठिवत, पोरी. दम धर.”

पहिल्या गोळीने थोरल्या पुतण्याचे डोके फुटले आणि तो दरीत गेला. दुसरी भावाच्या नरड्यात घुसली. त्याचे ऊन रक्त गोमाजीच्या तोंडावर उडाले. सख्खा भाऊ वाटेत तडफडत होता आणि गोमाजीला त्याला ओलांडून जावे लागले. मागे वळून बघायचीही सोय नव्हती. आता बांबूच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला धाकटा पुतण्या. तिसरी गोळी गोमाजीच्या पोटात बसली. एका हाताने मुंडासे सोडून त्याने ते जखमेत कोंबले आणि चालत राहिला म्हणे. बुटांना तो चढ झेपेना, म्हणून शिपाई मागे राहिले.

शिपाई माथ्यावर पोचले तेव्हा डोली शिळेवर टेकली होती. पुतण्याला त्यांनी संगिनींनी भोसकले. कप्तानाने तलवारीच्या टोकाने घोंगडी उचकटली. आत तान्ही, आणि तिच्या मांडीशी नाळेसकट रडणारे पोर.

शिळेला पाठ लावून बसलेला गोमाजी म्हणाला, “आता हॉल्ट, सायेब.” आणि त्याने मान टाकली.

कप्तानाला वाईट वाटले का, ते कोणी सांगत नाही. आम्हालाही त्याच्याशी काही देणेघेणे नाही.

तान्ही मात्र जगली, आणि बापाचा शेवटचा शब्द तिने गावात आणला. आधी शिळेला हॉल्ट म्हणू लागले, पुढे चढ संपल्यावरच्या विसाव्याला, आणि होता होता बाळंतपणाच्या शेवटच्या कळेलाही. सुईण पोटावर हात ठेवून सांगते, “हॉल्ट आला गं बाई, आता थोडंच ऱ्हायलं.”

आजही पावसात रस्ता खचला की अडलेल्या बाईला डोलीतूनच वर न्यावे लागते. चौघे बांबू खांद्यावर घेतात. आतली बाई कण्हत विचारते, “कुठवर?” पुढचा गडी सांगतो, “हॉल्टवर.” मग मागून कोणी कितीही ओरडो, ती शिळा येईपर्यंत डोली खाली येत नाही.