टिटवीचे पाय

रानातल्या एका आटत्या तळ्याच्या काठी, उघड्या खड्यांमध्ये एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा. त्यात तिची चार अंडी होती, रंगाने अगदी खड्यांसारखी. कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून देवाने त्यांना तो रंग दिला. पण आता त्याच रंगाने तिच्या जिवाला घोर लावला होता. तळे जसजसे आटत होते, तसतशी पाण्याला येणाऱ्या गव्यांच्या कळपाची वाट तिच्याकडे सरकत होती. काल तर एक खूर अंड्यांपासून वीतभरावर पडला.

रानाच्या कडेला एक लहानसे दगडी चर्च होते. तिथली घंटा ऐकत ऐकत प्राणीही प्रभू येशूला मानू लागले होते. कळपाचा पुढारी गवा तर प्रार्थनेत सगळ्यांच्या पुढे. मान आभाळाकडे, डोळे मिटलेले, आवाज खणखणीत. एवढा देवभक्त, म्हणून तर सगळ्यांनी त्याला पुढारी केले होते. ऊन उतरल्यावर टिटवी भीत भीत त्याच्याकडे गेली. “दादा, कळप जरा त्या बाभळीच्या अंगानं न्या ना. वाटेत माझी अंडी आहेत.”

“मी चालतो तो वर देवाकडे बघून,” गवा म्हणाला. “खाली काय काय पडलंय ते कुठं बघत बसू?”

शेजारी कोल्हा होताच. तो म्हणाला, “टिटवीबाई, आभाळ पडलं तर पेलायला पाय वर करून झोपता म्हणे. मग एवढासा खूर पेलवत नाही होय?” सगळा कळप हसला. टिटवी आपल्या अंड्यांकडे परतली.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार आला. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी पुढाऱ्याने सगळ्यांचे पाय धुवायचे, असा त्या रानाचा रिवाज होता. गवा दरवर्षी तळ्यात उभा राही, शेपटीने पाणी उडवी आणि म्हणे, “झालं, सगळ्यांचे धुतले.” यंदाही त्याने तेच केले.

“माझे राहिले,” लांबून टिटवी म्हणाली.

“मग ये की इकडे.”

“येता येत नाही, दादा. सोडून आले तर अंडी उन्हानं भाजतील. प्रभू वाकला होता. तुम्हीच या.”

कोल्हा गव्याच्या कानाशी लागला. “साहेब, जाऊ नका. टिटवीपुढं वाकलात तर शान काय राहील?” गवा घुटमळला. पण प्रभूने पाय धुतल्याची गोष्ट कळपाला दरवर्षी तोच सांगत असे. आता ती त्यालाच टोचू लागली. त्याने तोंडात पाणी घेतले आणि तो निघाला.

टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहिली. तिचे पाय ते केवढे, काडीएवढे. मान वाकवता वाकवता गव्याचे नाक जमिनीला टेकले. त्याने हळूच पाणी सोडले, आणि नाकाखालचा एक खडा हलला. आतून आवाज आला, “टिव.”

गवा दचकला. शेजारीच, वीतभरावर, त्याच्या खुराचा ठसा होता. बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

“बाई, तू सांगितलंस ते मी ऐकलं होतं,” तो म्हणाला, “पण बघितलं नव्हतं. उद्यापासून कळप बाभळीच्या अंगानं जाईल.”

ईस्टरच्या पहाटे घंटा वाजली तेव्हा चार पिल्ले खड्यांवर तुरुतुरु पळत होती. पलीकडून कळप निघाला होता. सर्वांत पुढे गवा, नाक जमिनीला लावून. वाटेत मुंग्यांची रांग दिसली, तसा तो थांबला आणि मागचे सगळे एकमेकांवर आदळले.

“साहेब, अशानं पाण्याला पोचायला दुपार होईल,” कोल्हा कुरकुरला.

“होऊ दे. आणि गुरुवारी तुझे पाय खरे कुठं धुतले मी? आण इकडे.”

कळप पोट धरून हसला, टिटवीही हसली. त्या रात्री ती पाय जमिनीवर टेकून निवांत झोपली. आभाळ पेलायला देव होता, आणि खालचे बघायला गवा.

तात्पर्य : पुढाऱ्याची भक्ती त्याच्या उंचावलेल्या मानेवरून नव्हे, तर लहानात लहानासाठी ती मान किती खाली वाकते, यावरून ओळखावी.