भंडाऱ्याचे पिवळे अंगठे

गावाचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं लागतील. चारी बाजूंनी डोंगर असलेलं एक गाव होतं. तिथे मोबाईलला रेंज म्हणून यायची नाही. शेवटी ग्रामपंचायतीच्या कचेरीवर वायफाय बसलं. ते कचेरीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं, त्यापुढे नाही. आठवडाभरात त्या भिंतीला टेकून बसायच्या पुरुषांच्या जागासुद्धा ठरून गेल्या.

दुपारी जेवण झालं की एकेक जण यायचा. कानात वायरी घालायचा, मान खाली घालायचा, डोक्यावरचा टॉवेल फोनवर ओढायचा. काय बघताय म्हणून विचारलं, तर म्हणायचे, बाजारभाव. बाजारभाव बघायला टॉवेल कशाला लागतो, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बघत होते ते बाईपुरुषांचे नागडे व्हिडिओ. एखाददुसरा नाही, झाडून सगळे. लग्नाला उभे असलेलेही आणि नातवंडं खेळवणारेही.

त्याच गावात बाजीआप्पा म्हणून खंडोबाच्या देवळाचे पंच होते. त्यांची लेक वैजयंता बारावी पास झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा होता आणि शेवटची तारीख शुक्रवार होती. ग्रामसेवकाकडे तीन गावं, त्यामुळे कचेरी दुपारी बारा ते दोनच उघडी. वैजयंता रोज बाराला येऊन कॉम्प्युटरसमोर बसायची. सगळं भरून व्हायचं, आणि फोटो चढवायला गेली की पडद्यावरचं चक्र फिरत राहायचं. असे तीन दिवस गेले.

ग्रामसेवक कपाळाला हात लावून म्हणाला, "भिंतीमागे पंचवीस फोन एकदम व्हिडिओ ओढतायत. तुझ्या वाट्याला नेट उरणार कुठून?"

ही गोष्ट सरपंच हौसाबाईंच्या कानावर गेली. त्यांनी शुक्रवारी सकाळीच खंडोबाच्या देवळात गाव गोळा केलं.

"पोरीचं वर्ष वाया चाललंय," त्या म्हणाल्या. "कोण काय बघतो ते मला विचारायचं नाही. बारा ते दोन फोन बंद ठेवा. एवढंच सांगायला बोलावलंय."

बरं म्हणून उठले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण नाही. बाप्यांचा मान दुखावला ना.

बाजीआप्पा सगळ्यांच्या आधी उठले. "सरपंचबाई, तुम्ही गावावर आळ घेताय. आमच्यात तसलं कुणी बघत नाही. असलाच तर एखादा नतद्रष्ट असेल. भंडारा उचलायला लावा, आत्ता कळेल."

त्या गावात देवाच्या भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, मूठ हातात घेऊन शपथ घ्यायची रीत आहे. खोटी शपथ घेतली तर घराचं वाटोळं होतं असं सगळे मानतात. म्हणजे तोंडाने मानतात. आप्पांनी पहिली मूठ उचलली. त्यांच्यामागून एकेकाने उचलली. कुणी मागेपुढे पाहिलं नाही. देवाने काय म्हणावं या माणसांना?

शेवटी उरला सोपान. तो पिठाची गिरणी चालवायचा. त्याने हात मागेच ठेवले.

"मी बघतो," तो म्हणाला. "मला खोटा भंडारा उचलवणार नाही."

मग सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. नतद्रष्ट सापडला होता. सोपानचा फोन काढून घेतला आणि कचेरी उघडवून तिथल्या कपाटात कुलपात ठेवला. त्याच्या गिरणीत कुणी दळण टाकायचं नाही असंही ठरलं. त्याची बायको तिथेच होती, तिने पदर तोंडाला लावला. हौसाबाई म्हणत होत्या, "अहो, एका फोनाने कुठे नेट अडतं का?" पण ऐकतो कोण? सगळे मोठं काम केल्यासारखे जेवायला घरी गेले.

बारा वाजता वैजयंता कॉम्प्युटरसमोर बसली. सोपानचा फोन तिच्या पाठीमागच्या कपाटात बंद होता. चक्र मात्र तसंच फिरत होतं. एक वाजला, दीड वाजला. तिला रडू यायला लागलं. आप्पाच काहीतरी करतील म्हणून ती त्यांना शोधायला बाहेर पडली आणि कचेरीला वळसा घालून मागे गेली.

भिंतीला टेकून अख्खी रांग बसली होती. कानात वायरी असल्यामुळे तिची चाहूल कुणाला लागली नाही. जेवताना सगळ्यांनी हात धुतले असतील, पण हळद एका धुण्याने जात नाही. अंगठे पिवळे होते आणि फोनही पिवळे झाले होते. रांगेच्या मधोमध आप्पा होते. लेकीची सावली पडली तशी त्यांनी टॉवेल ओढला आणि फोन मांडीवर पालथा घातला. फोनच्या पाठीवर त्यांची बोटं पिवळीधमक उमटली होती.

वैजयंताला लाज वाटली. मग आपल्याला कशाला लाज वाटायची, म्हणून तिला राग आला.

"आप्पा," ती म्हणाली, "फोन बंद करा. माझा फोटो जात नाहीये."

आप्पांनी फोन बंद केला. शेजारच्याने केला, त्याच्या शेजारच्याने केला, असं करत रांगेच्या टोकापर्यंत सगळे बंद झाले. वर कुणी बघेना. वैजयंता पळत आत गेली. दोनला दहा मिनिटं कमी असताना तिचा फॉर्म गेला.

कचेरी बंद व्हायची वेळ होईपर्यंत आप्पा भिंतीशीच बसून राहिले. मग त्यांनी कपाटातला फोन मागून घेतला, घरून ज्वारीचं दळण खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांच्या देखत गिरणीत गेले. फोन पुढे करून त्यांनी मान खाली घातली.

"सोपान, मीही बघतो."

सोपानने दळण उतरवून घेतलं. "ठाऊक आहे, आप्पा. मी रोज तुमच्याच शेजारी बसायचो."

तात्पर्य: जे सगळेच करतात ते एकाच्या माथी मारून कुणी सुधारत नाही, खरं बोलणाऱ्याला शिक्षा ठोठावण्याआधी प्रत्येकाने आपला हात उघडून बघावा.