लावी आणि सायकलींची वाट

माळावर पहिल्यांदा इमारती उठल्या, त्या काळची ही गोष्ट. तिथे राहणारी लावी पक्षीण ज्या तळ्यावर पाणी प्यायची, ते आता या नव्या वसाहतीच्या पलीकडे राहिलं. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. तळ्याकडे एक डांबरी रस्ता जात होता, आणि शेजारून चालणाऱ्यांची नि सायकलींची अरुंद वाट.

तळ्याकाठी राहणारी टिटवी म्हणाली, "बाई, वाटेने जा. रस्त्यावर गाड्या भरधाव असतात."

"वाटेवर माणसं असतात," लावी म्हणाली. माणसाची नुसती चाहूल लागली तरी ती गवतात दडायची.

सकाळी ती तीन पिल्लांना घेऊन रस्त्याने निघाली. थोडं पुढे जाते तोच मागून गाडी आली. तिचा वेग जराही कमी झाला नाही. चाकांचा वारा पिसांतून गेला आणि सगळी जीव घेऊन वाटेवर पळाली. समोरून सायकल येत होती. आता संपलं, असं वाटून लावीने पिल्लांना पंखांखाली घेतलं आणि डोळे मिटले.

सायकल थांबली. सायकलवरच्या बाईने पाय टेकला, मागून चालत येणाऱ्या म्हाताऱ्याला हाताने थांबायची खूण केली. लावीने डोळे उघडले, पिल्लांना पुढे घातलं; ती तळ्यावर पोचेपर्यंत दोघं तिथेच उभी होती.

पिल्लं पाणी प्यायला लागली. "त्यांनी आम्हाला पाहिलं," लावी टिटवीला म्हणाली.

"म्हणून तर थांबली," टिटवी म्हणाली.