मडक्याचं 'ठण्ण'
शब्द अजून ओल्या मातीसारखे होते, तेव्हाची गोष्ट. एका कुंभाराच्या अंगणात एक छोटं मडकं तडकलेल्या रांजणाला टेकून बसायचं. बायका येत, मडकं वाजवून बघत, आणि ते श्वास धरून मुद्दाम 'भद्द' म्हणे. विकलं गेलं तर रांजणआजोबांना सोडावं लागेल ना!

एके सकाळी कुंभार पुटपुटला, "हे तडकलेलंच दिसतंय. आज फोडून टाकतो."

रांजण घाईघाईनं मडक्याला म्हणाला, "बाळा, आतून धड आहेस का, एवढंच विचारतात रे त्या. मला तडा गेलाय, मी भद्दच बोलणार. तुला कुठे तडा आहे? तू खणखणीत सांग."

"मग मला नेतील."

"नेऊ देत की."

तेवढ्यात गावातली सगुणा मडकं घ्यायला आली. तिनं बोटानं वाजवताच मडकं म्हणालं, "ठण्ण!"

"अगंबाई, कसं ठणकावून सांगतंय!" हसत तिनं त्याला कडेवर घेतलं. छातीठोक खऱ्या बोलण्याला तेव्हापासून त्या गावात तोच शब्द रूढ झाला.

जाता जाता तिनं रांजणही वाजवून पाहिला.

"भद्द," तो हळूच म्हणाला. कडेवरच्या मडक्यात ते कितीतरी वेळ घुमत राहिलं.