केरबानं कार्ड बसवलं

केरबा म्हणून एक भोळा गडी होता. माळाच्या पायथ्याला एक गाव, त्या गावात राहायचा. मनानं अगदी लोणी. बस म्हटलं की बसायचा, आणि कोणी ऊठ म्हणेपर्यंत उठायचा नाही. असा.

त्याला मुलगी झाली. बारसं ठरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे केरबाची बहीण शेवंता. ती नवऱ्याबरोबर लांब गुवाहाटीला, आणि तिचा पाय प्लास्टरात. ती म्हणाली, "भाचीचं तोंड बघितल्याबगर मी नाव सांगायची नाही."

केरबाची बायको हौसा म्हणाली, "आणि आत्यानं नाव ठेवलं नाही, तर मी पोरीला घेऊन माहेरी चालले."

आता झाली का पंचाईत!

शेवंताच्या नवऱ्याचं तिकडं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं एक जुना कॉम्प्युटर पाठवून दिला, लिनक्सवाला. सोबत तळहाताएवढं एक कार्ड. पंचायतीच्या खांबावर वायफाय होतं, ते बिनतारेचं ह्या कार्डानं धरायचं, म्हणजे पडद्यावर आत्या दिसणार. गावात फोनला रेंज नव्हती. ती फक्त माळावर. म्हणून केरबा माळावर चढायचा, दाजींना विचारायचा आणि विसरू नये म्हणून घोकत घोकत उतरायचा.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, आधी कार्ड बसवा."

"कार्ड बसवा, कार्ड बसवा," करत केरबा घरी आला. पाट मांडला. भोवती रांगोळी काढली. कार्डाला हळदकुंकू वाहिलं, पाटावर बसवलं आणि आरती म्हटली. शेजारीपाजारी प्रसादाला आले. आत्या काही दिसली नाही.

केरबा माळावर गेला. "दाजी, बसवलं. आता विसर्जन कधी?"

"अहो पाव्हणं, गणपती आहे का तो! कॉम्प्युटरच्या खोक्याचं झाकण काढा, आत खाच आहे, तिच्यात दाबून बसवा. कट् वाजेपर्यंत सोडू नका."

तसं केलं. कट् वाजलं. तरी आत्या नाहीच.

"आता ड्रायव्हर पाहिजे," दाजी म्हणाले. "ड्रायव्हर बसवा."

गावात वडापच्या जीपचा ड्रायव्हर होता, पांडबा. केरबानं त्याला चहाला म्हणून आणला, खोक्यापुढं वाकवला आणि त्याचं डोकं आत दाबायला लागला.

"अरं, मान मोडंल माझी!"

"जरा कळ काढ पांडबा. कट् वाजलं की सोडतो."

कट् वाजलं. पण ते मानेत वाजलं.

केरबा पुन्हा माळावर. "दाजी, ड्रायव्हर आत मावत नाही."

दाजी म्हणाले, "पाव्हणं, ड्रायव्हर असा बसवत नसतात. तो नेटवरून उतरवायचा."

शाळेच्या मैदानात व्हॉलीबॉलचं नेट होतं. केरबानं पांडबाला उचलून त्यावर आडवा टाकला. आता मान वाकडी, त्यामुळं पांडबाला केरबा येताना दिसलाच नव्हता. नेट फाटलं. ड्रायव्हर आपोआप उतरला आणि केरबाच्या मागं दगड घेऊन धावला, पण मान वाकडी असल्यानं भलतीकडंच गेला.

दाजींनी कपाळाला हात लावला. माळावरून दिसला नाही, पण चापट ऐकू आली. "पाव्हणं, मी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, पेनड्राइव्हमधून धाडतो. तो खोचा. मग पडद्यावरनं जे येईल ते अक्षर न् अक्षर तसंच पुढं घालायचं. स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही."

हे मात्र केरबाला जमण्यासारखं होतं.

बारशाच्या दिवशी पेनड्राइव्ह आला. पडद्यावर जी ओळ यायची ती केरबा खाली तशीच टाइप करायचा. तासभर बोट चालवलं. आणि काय सांगू, कार्डावर हिरवा दिवा लागला! पांडबासुद्धा मान धरून बघायला आला.

पाळणा सजलेला. बाया जमलेल्या. आत्या लांब, म्हणून तिच्या वतीनं बाळाच्या कानात नाव सांगायचं केरबानं, असं ठरलं.

हौसा पुन्हा पुन्हा बजावत होती, "धनी, नीट ऐका. एकदा कानात गेलं आणि कुर्र झालं की नाव फिरत नाही."

"काळजी करू नको. अक्षर न् अक्षर सांगतो."

पडदा उजळला. शेवंता दिसली. भाचीला बघून तिचे डोळे भरून आले. शेवंता तोंड पुढं आणून म्हणाली, "ऐकू येतंय का?"

केरबा वाकला आणि त्यानं लेकीच्या कानात सांगितलं.

"कुर्रर्र!" बायांनी केरबाच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. हौसा हरखून म्हणाली, "काय ठेवलं हो नाव?"

केरबानं सांगितलं. मग हौसानं जे धपाटे घातले ते बारशाचे नव्हते. पण नाव काही फिरलं नाही.

पोर मोठी झाली, अंगणवाडीत गेली. बाईंनी विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"ऐकू येतंय का."

"येतंय की. नाव सांग."

"ऐकू येतंय का!"

बाईंनी केरबाला बोलावून घेतलं. "अहो, मुलीचं नाव काय?"

केरबा आदबीनं म्हणाला, "ऐकू येतंय का, बाई."

दुसऱ्या दिवशी बाई कान दाखवायला तालुक्याला गेल्या.