डोंगरावरची सोन्याची कढई

एका राज्यात एक नगर होते, आणि त्या नगराचे पोट रस्त्यावर भरत असे. पाथरवट, हमाल, रंगारी, लोहार सकाळी घरची चूल न पेटवताच कामाला निघत. कारण वेशीपासून नदीच्या घाटापर्यंत दुतर्फा चुली मांडलेल्या असत. कुठे मटकीच्या उसळीवर लाल तर्री तरंगे, कुठे कांद्याची भजी तेलात फुलत, कुठे तव्यावर सुके बोंबील चुरचुरत. रंगाऱ्यांच्या आळीच्या तोंडाशी सारजा बसे. तिची ज्वारीची भाकरी, वर पिठल्याचा गोळा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन निळ्या-तांबड्या हातांचे रंगारी दिवसभर हौदात उभे राहत. तिचा नवरा भिवा पाथरवट होता.

एकदा राजा रत्नसेन शिकारीला गेला असता डोंगरातल्या गुहेत त्याला सोन्याची कढई दिसली. शेजारी एक चूल होती, माणूस मात्र नव्हते. "बेवारस धन राजाचे," असे म्हणून त्याने कढई हत्तीवर लादली आणि आपल्या कोशागारात आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नगरातल्या चुली पेटल्या, पण भांडी तापेनात. ज्वाळा तव्याला चाटत आणि तवा गारच राही. वेशीबाहेर अन्न शिजे. पण ते आत आणले की भाकरीचे पुन्हा पीठ होई, उसळीची पुन्हा कच्ची मटकी होई. राजवाड्यात दूध, मध, फळे होती. हमालांकडे ती कुठून असणार? एकेक आळी रिकामी होऊ लागली. लोक बोचकी बांधून दुसऱ्या राज्याची वाट धरू लागले.

सारजेच्या गार चुलीवर एक धनेश पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"सारजे, ती कढई डोंगरावरच्या मांत्रिकाची आहे. शाप त्याचा आहे. शेवटचा कष्टकरी वेशीबाहेर पडला, की या नगराचा दगड होईल."

"शाप कसा सुटेल?"

"ते मांत्रिकच सांगेल. कढई गेल्यापासून त्याच्या वाटेवर दोन राखणदार आहेत."

एवढे बोलून धनेश उडून गेला. सारजा तशीच राजवाड्यात गेली. राजा म्हणाला, "बाई, ती कढई आता हत्तींनाही हलत नाही. मांत्रिकाकडे मी सैनिक धाडले, त्यांची झाडे झाली. तू जाऊन काय करणार?"

"ते तिथे गेल्यावर पाहीन, महाराज."

"कोणते शस्त्र देऊ?"

"शस्त्र नको. पीठ, तेल, कांदे, मीठ-मिरची द्या. तवा-पातेले माझे आहे."

भिवा वेशीपर्यंत पोचवायला आला. "तू येईतो मी आतच राहतो," तो म्हणाला.

"खाशील काय?"

"भिजवलेले चणे. तू नीघ. माझ्याकडे बघत बसू नकोस."

सारजा निघाली. डोंगराच्या पायथ्याशी खोल दरी होती. दरीवरचा दगडी पूल एका यक्षाने दोन्ही हातांनी तोलून धरला होता. कोणी पुलावर पाय ठेवला की यक्ष अंग हलवी आणि तो माणूस दरीत पडे.

"का हलवतोस?" सारजेने काठावरून विचारले.

"भुकेने अंग थरथरते. हात सोडवत नाहीत. खाऊ कसा?"

सारजेने तिथेच तीन दगड मांडले, भाकऱ्या थापल्या आणि काठावर पालथे पडून यक्षाला एकेक घास भरवला. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, कानांतून वाफा निघाल्या. "आणखी आहे?" त्याने विचारले. शेवटची भाकरी संपल्यावर पूल स्थिर झाला आणि सारजा पलीकडे गेली.

पुढे खिंडीत एक म्हातारी राक्षसीण जाते ओढत होती. त्या जात्यातून पिठाऐवजी वारा निघे, आणि त्या वाऱ्यापुढे माणूस पाचोळ्यासारखा उडून जाई.

"आजी, थोडे थांबता येत नाही?"

"जाते थांबले तर वर टेकलेला कडा कोसळेल. हळू ओढायचे, तर माझा हात तुटायला आला आहे. तोल राहत नाही."

"मग मी ओढते. तुम्ही जेवा."

सारजेने आधी खडकाच्या आडोशाला पिठले हाटले, खडकाला धरत पुढे सरकून ते म्हातारीपुढे ठेवले आणि खुंट्याला हात घातला. ती एका लयीत ओढत राहिली. वाऱ्याची झुळूक झाली. राक्षसिणीने पातेले बोटांनी पुसून खाल्ले, दंड झटकले आणि जाते परत घेतले. "जा पोरी," ती म्हणाली, "आता हळूच ओढीन."

गुहेत मांत्रिक विझलेल्या चुलीपाशी बसला होता.

"राजाची माणसे तलवारी घेऊन आली. तू रिकाम्या हाताने आलीस?"

"हात रिकामे नाहीत. पिठाचे आहेत."

उरलेल्या तेलात सारजेने गुहेच्या तोंडाशी कांद्याची भजी तळली आणि पळसाच्या पानावर त्याच्यापुढे ठेवली.

"राजाच्या नगरातले मी खात नाही."

"पीठ राजाचे असले तरी हात माझे आहेत. दादा, राजाने तुमचे नेले, पण उपाशी रंगारी राहिले, हमाल राहिले. वेशीत माझा नवरा भिजवलेल्या चण्यांवर तगून आहे. त्यांनी तुमचे काय घेतले होते?"

मांत्रिकाने एक भजे उचलले.

"त्या कढईत माझी आई तळत असे," तो म्हणाला. "घाट चढून येणाऱ्या गुराख्यांना, मोळीवाल्यांना ती इथे खाऊ घाली. ती गेल्यापासून मी कढई रोज घासून ठेवत होतो. राजाने विचारलेसुद्धा नाही." तो उठला. "मंत्र मलाही मागे घेता येत नाही. राजाने कढई स्वतःच्या डोक्यावर वाहून आणावी. तरच शाप सुटेल."

सारजा धावतच परतली. नगर ओसाड झाले होते. वेशीच्या आत भिवा भिंतीला टेकून बसला होता, ओठ सुकलेले, उठायचे त्राण नव्हते. बाकी सारे कष्टकरी गेले होते. तबेल्यातल्या घोड्यांचे खूर दगडाचे होऊ लागले होते.

राजाने सारे ऐकले आणि मान खाली घातली. "मी राजा आहे. हमालासारखा रस्त्याने जाऊ?"

"महाराज, हमाल आहे कुठे नगरात?" सारजा म्हणाली.

राजा उठून वेशीपर्यंत गेला. त्याने भिवाकडे पाहिले. मग कोशागारापाशी परत येऊन मुकुट काढून पायरीवर ठेवला. सारजेने पदराचा काठ फाडून त्याची चुंबळ वळली आणि राजाच्या डोक्यावर ठेवली. जी कढई हत्तींना हलली नव्हती, ती राजाने उचलली. जड होतीच. पुलावर त्याचे पाय लटपटले तेव्हा यक्षाने पूल सावरला; खिंडीत राक्षसिणीने वारा त्याच्या पाठीशी दिला. घामाने निथळत राजाने कढई चुलीवर ठेवली आणि हात जोडले. "न विचारता नेली. चुकलो."

मांत्रिकाने चूल पेटवली. त्याच क्षणी झाडांचे पुन्हा सैनिक झाले, घोड्यांचे खूर मोकळे झाले. कष्टकरी मैलोगणती वाटांवरून मागे वळले. राजाने दवंडी पिटवली की रस्त्यावरची चूल कोणी हलवू नये, आणि राजानेसुद्धा विचारल्याखेरीज कोणाचे काही घेऊ नये.

सारजेने हे काही ऐकले नाही. ती आपल्या तव्यापाशी होती. भाकरी टम्म फुगली. तिने ती मोडून भिवाच्या हातावर ठेवली. त्याने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"कशी झाली?" तिने विचारले.

"गरम आहे," भिवा म्हणाला.

त्या नगरीच्या चुली जशा पेटल्या, तशा ऐकणाऱ्यांच्या घरीही पेटत्या राहोत.